देवळाच्या पुढचं बासर



मुधोळ, भैंसा, तानूर, कुभीर या आमच्या पट्ट्यात मूल शाळेच्या वयाचं झालं की घरात बासरचा दिवस ठरतो. वसंतपंचमी साधली तर उत्तमच. नवी पाटी घ्यायची, ज्ञानसरस्वतीपुढे मुलाला मांडीवर बसवून त्याचा हात धरून पहिलं अक्षर काढायचं, गोदावरीच्या घाटावर जाऊन यायचं, जेवायचं आणि परतायचं. नांदेड-परभणीकडून येणाऱ्यांचंही तेच, निजामाबाद-हैदराबादकडून येणाऱ्यांचंही तेच. स्टेशन ते देऊळ, देऊळ ते घाट, एवढंच बासर आपल्याला माहीत असतं. त्याच बासरात एक विद्यापीठ आहे. त्याच्या आसपासचं बासर पाहायला कुणी थांबत नाही, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

२००८ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेश सरकारने राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठ काढलं. किनारपट्टीसाठी नूझवीड, रायलसीमेसाठी इडुपुलपाया आणि तेलंगणासाठी आपलं बासर. लोकांच्या तोंडी त्याचं नाव ट्रिपल आयटी. त्यामागचा विचार साधा होता. खेड्यातलं हुशार पोर दहावीला चांगले गुण मिळवतं आणि पुढे शहरातल्या शिकवणीचे पैसे नाहीत म्हणून मागे पडतं. तेव्हा त्याला दहावीनंतरच उचलायचं, दोन वर्षं इंटरमिजिएटच्या तोडीचं शिक्षण आणि चार वर्षं अभियांत्रिकी, असं सहा वर्षं एकाच ठिकाणी ठेवून शिकवायचं. वेगळी प्रवेश परीक्षा नाही, दहावीचे गुण हाच आधार. विद्यापीठाचे पहिले कुलपती होते राज रेड्डी. चित्तूर जिल्ह्यातल्या काटूर गावचे. गावच्या शाळेत वाळूवर अक्षरं गिरवून शिकलेला हा मुलगा पुढे अमेरिकेत गेला, यंत्राला माणसाचं बोलणं समजावं यासाठी आयुष्यभर काम केलं आणि १९९४ साली संगणकशास्त्रातला सर्वांत मोठा मान, ट्यूरिंग पुरस्कार, मिळवला. बासरच्या सरस्वतीची मूर्ती व्यासांनी गोदावरीच्या वाळूतून घडवली, असं आपल्याकडे सांगतात. वाळूवर शिकलेला माणूस तिथल्या विद्यापीठाचा पहिला कुलपती व्हावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता त्या परिसरात चला. देवळाची गर्दी मागे टाकली की थोड्याच वेळात कपाशी आणि सोयाबीनची रानं दिसू लागतात, आणि त्यांत एकदम उंच वसतिगृहांच्या रांगा. सहा वर्षांचे वर्ग एकत्र धरले तर हजारो मुलंमुली आत राहतात, खम्ममची, नलगोंड्याची, महबूबनगरची, करीमनगरची. फाटकाबाहेर मात्र एवढ्या मुलांच्या मानाने फार थोडं आहे. टिफिन सेंटर, झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती, ऑटोवाले, अशी थोडी वस्ती, बस. एरवी दुपारी रस्ता जवळजवळ रिकामा असतो. संक्रांतीची, दसऱ्याची सुटी लागते तेव्हा पाहावं. आरटीसीच्या गाड्या भरून निघतात, पाठीवर बॅगा घेतलेल्या पोरापोरींचे लोंढे स्टेशनाकडे निघतात. नव्या वर्गाच्या प्रवेशाच्या दिवसांत तर दूरदूरचे आईबाप येतात. लोखंडी पेटी, बादली, चादर, लोणच्याची बरणी. कागद तपासून होईपर्यंत झाडाखाली बसलेली ही माणसं बहुतेक शेतकरी, मजूर. पंधरा वर्षांच्या लेकीला सहा वर्षांसाठी परक्या गावात ठेवून जाताना बापाचा चेहरा कसा होतो, ते तिथे दिसतं. आपण मुलाचं पहिलं अक्षर काढायला बासरला येतो. ही माणसं त्याच अक्षराचा पुढचा पल्ला गाठायला आलेली असतात.

दक्षिण कोरियातल्या बुसान शहराबद्दल वाचताना मला बासर आठवलं. समुद्रकाठचं मोठं शहर ते, पाहुणे येतात आणि हेउंदेच्या वाळूवर जातात. शहराच्या उत्तरेला, गुमजोंग डोंगराच्या पायथ्याला, १९४६ साली स्थापन झालेलं बुसान राष्ट्रीय विद्यापीठ आहे, आणि त्याच डोंगरावर सातव्या शतकातलं बोमोसा हे बौद्ध मंदिर. देऊळ आणि विद्यापीठ शेजारी, आपल्यासारखंच. पण तिथे विद्यापीठाच्या फाटकापुढे आख्खा मोहल्ला उभा आहे. स्वस्त खानावळी, टोस्टच्या गाड्या, पुस्तकं-कपड्यांची दुकानं, रात्री उशिरापर्यंत जाग, मेट्रोच्या स्टेशनालाही विद्यापीठाचंच नाव. पर्यटक त्या गल्ल्यांत कमी जातात, पण शहराची तरुण पोरं नेमकी तिथेच भेटतात. आपल्या पुण्याच्या सदाशिव पेठेतही खोल्या, मेस आणि अभ्यासिका यांच्या आधारानेच खेड्यातली पोरं वर्षानुवर्षं राहत आली.

बासरला तसं झालं नाही, याचं एक कारण योग्यच आहे. पंधरा वर्षांची मुलं सांभाळायची तर फाटक बंदच ठेवावं लागतं. राहणं-जेवण आत, बाहेर पडायला परवानगी लागते. पण त्यामुळे गावाला मुलं कळत नाहीत आणि मुलांना गाव. जून २०२२ मध्ये हजारो विद्यार्थी आठवडाभर उन्हापावसात आवारात बसून राहिले. मागण्या अगदी साध्या होत्या: कायम कुलगुरू, पुरेसे शिक्षक, नीट जेवण, लॅपटॉप. हैदराबादहून मंत्री आले तेव्हा विद्यार्थी उठले. इतकी शिस्तीत बसलेली ती पोरं आम्हा शेजाऱ्यांना तोवर दूरचीच राहिली होती, ही गोष्ट मला बोचते. शेजारच्या गावांनी त्यांची विचारपूस आधी करायला हवी होती.

दुसरं कारण जुनं आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं. तोवर मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. त्यातली मुधोळ, भैंसा आणि कुभीर ही मंडळं आदिलाबादला जोडली गेली. २०१६ साली नवे जिल्हे झाले तेव्हा आम्ही निर्मल जिल्ह्यात आलो. पण शिक्षणासाठी आमची नजर नांदेडकडेच राहिली. पीपल्स कॉलेज तिथलं, १९५० सालचं. नंतर १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठही तिथेच झालं. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात दोन्ही आणि वर उर्दू, अशी आमची मुलं वाढतात. त्यांच्या आईबापांना नांदेडच्या गल्ल्या पाठ असतात आणि बासरच्या विद्यापीठाचं फाटक कुठे आहे हे विचारावं लागतं. पलीकडच्या धर्माबादच्या मुलाला राज्याची सीमा आडवी येते, हे समजू शकतं. आमच्या मुलांपुढे तर तीही अडचण नाही. जागा बहुतांशी तेलंगणातल्या मुलांसाठीच आहेत, आणि आम्ही तेलंगणातलेच आहोत.

तेव्हा मुधोळ-तानूरच्या मराठी घरांना माझं एक सांगणं आहे. पुढच्या खेपेला देवदर्शन झालं की लगेच गाडीत बसू नका. फाटकाजवळच्या एखाद्या टिफिन सेंटरवर चहा घ्या, बाहेर आलेल्या मुलांशी बोला, कुठल्या गावचे, काय शिकता, विचारा. बरोबरच्या मोठ्या पोरांना ते ऐकू द्या. आणि घरात कुणी दहावीला असेल तर निकालानंतर प्रवेशाची जाहिरात निघते, तिच्यावर लक्ष ठेवा. सरकारी शाळेतल्या मुलांना निवडीत थोडं झुकतं माप मिळतं. शाळा मंडलातली, गावातली असली तरी चालते. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, आणि तो मुधोळच्या मी सेवा केंद्रावर भरून मिळतो. गुणपत्रक, रहिवासाचा दाखला आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा, ऐनवेळी धावपळ होते.