झाडाच्या वाढीचा हिशेब आपल्या हाती हवा
(ओवे, ता. पनवेल येथील बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत झाडांचा विषय कशाला, असं तुम्हाला वाटेल. १९९० च्या दशकात साग लावणाऱ्या कंपन्यांची पत्रकं आठवा. आज रोपामागे पैसे भरा, वीस वर्षांनी श्रीमंत व्हा! वनखात्याचा साग कापणीला यायला पन्नास ते ऐंशी वर्षं धरतात. मग हे वीस आले कुठून? विचारायला आपल्याजवळ हिशेब नव्हता. १९९९ साली सेबीनं अशा योजनांना नियम लावले, तोवर अनेकांची पुंजी बुडाली होती.

इथं ओव्याला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तुमच्याकडे सातशे-आठशे, तोही मध्येच दडी मारणारा; खाली वीतभर माती, मग मुरूम. दोन्हीकडचा साग सारखा कसा वाढेल?

हे मोजण्याचं शास्त्र आहे. १९९७ साली लँड्सबर्ग आणि वेअरिंग या शास्त्रज्ञांनी ‘थ्री-पीजी’ नावाचं गणित मांडलं. ते झाडाचा महिन्याचा जमाखर्च लिहितं. पानांनी ऊन किती घेतलं, ही जमा. ओल कमी पडली, हवा मानवली नाही, की त्यात तूट. उरलं ते मूळ, पान आणि खोड यांच्यात वाटायचं. हलक्या रानात मुळाचा वाटा वाढतो, खोडाचा घटतो. आणि विकायचं असतं ते खोड!

हे गणित फुकट मिळतं. पण इंग्रजीत, जाणकारापुरतं. ते मराठी संकेतस्थळावर आलं पाहिजे. मातीची खोली, तालुक्याचा पाऊस, लागवडीचं अंतर भरलं की मोबाइलवर उत्तर मिळावं. एक आकडा नको. चांगलं वर्ष, वाईट वर्ष दोन्ही दिसावीत. ऑस्ट्रेलियात बर्चिप इथल्या शेतकऱ्यांच्या गटानं शास्त्रज्ञांना सोबत घेऊन पिकांसाठी असं संकेतस्थळ चालवलं. तेही आपल्यासारखेच कोरडवाहू.

पण एक लक्षात ठेवा. गणित लाकूड सांगेल, भाव सांगणार नाही. १९८० च्या दशकात गुजरात, हरियाणाच्या शेतकऱ्यांनी निलगिरी लावली. झाडं वाढली, दशकाच्या अखेरीस भाव कोसळला. सरकार जंगलातला माल कागद गिरण्यांना सवलतीनं देत होतं. शेतकऱ्याच्या लाकडाला कोण विचारतो? आणि साग स्वतःच्या रानातला असला, तरी १९६४ च्या कायद्यानं तोडायला परवानगी लागतेच. ही लढाई संगणक लढणार नाही, आपल्यालाच लढावी लागेल.

परदेशात बसवलेलं गणित आपल्या रानात तपासल्याशिवाय मानू नका. त्यासाठी एक काम देतो. प्रत्येकानं बांधावरची दहा झाडं निवडा. जमिनीपासून साडेचार फुटांवर दोरी गुंडाळून घेर मोजा. झाडाची जात, लावल्याचं साल, मातीची खोली, विहिरीचं पाणी मिळतं की नाही, हे लिहा. वाळलेलं झाड गाळू नका, तेही लिहा. पत्रकवाले नेमकं तेच गाळतात.

कागद पुढच्या जिल्हा बैठकीला आणा. पुन्हा कोणी वीस वर्षांचं स्वप्न विकायला आला, तर त्याच्यापुढे हे कागद ठेवू आणि म्हणू, आता तुझा हिशेब दाखव.