काजूचं झाड आपला साक्षीदार
(विजयदुर्ग येथील बैठकीत केलेलं भाषण)



आज आम्ही काजूवर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, काजू काय आम्हाला ठाऊक नाही? बिया फोडून बोटं पोळलीत आमची! खरं आहे. पण वनहक्काच्या दाव्यात हेच झाड आपल्या बाजूने उभं राहू शकतं.

दावा टाकला की ऐकावं लागतं, "काजू जंगलात आपोआप उगवतात." मग आपण विचारायचं, कसे उगवतात? काजू इथला नव्हे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो ब्राझीलहून आणला. बी जड, वाऱ्याने उडत नाही. वटवाघूळ बोंडू नेतं, तिथे एखादं झाड रुजतं, मान्य. पण वटवाघूळ बांधाला धरून ओळीत झाडं लावत नाही! ओळ माणूसच लावतो.

पहिल्या पावसात खड्ड्यात बी टाकली की दोन-तीन आठवड्यांत जाड दोन पानं वर येतात. मग गुरांपासून राखायचं, पहिला उन्हाळा पाणी घालून जगवायचं. तीन-चार वर्षांनी मोहोर येतो. आधी बी धरते, बोंडू मागून फुगतो. म्हणजे झाडामागे घरातल्या माणसाची वर्षं गेलेली असतात.

२००६ च्या कायद्यात तारीख आहे १३ डिसेंबर २००५. त्याआधीपासून जमीन आपल्या ताब्यात होती, हे दाखवायचं आहे. घर, बांध, सपाट केलेली जमीन अशा कायमच्या खुणा नियमांत पुरावा म्हणून धरल्यात. ओळीतली जुनी काजूझाडं तशीच खूण आहे, हे आपण ठासून मांडायचं. पण एका पुराव्यावर भागत नाही, किमान दोन लागतात. म्हणून झाडं कुणी, कधी लावली, याचा वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून घ्या. दावेदाराचा स्वतःचा नको, शेजारच्या म्हाताऱ्याचा घ्या.

आणखी एक. वेंगुर्ल्याची कलमं चांगली, लवकर धरतात. पण दाव्याचा निकाल लागेपर्यंत जुनं झाड तोडून कलम लावू नका. नवं कलम २००५ ची साक्ष कशी देणार?

या आठवड्यात प्रत्येक घराने झाडं मोजावी, बुंध्याचा घेर दोरीने मापावा, नकाशा काढून वनहक्क समितीकडे द्यावा. आणि दाव्यावर नवरा-बायको दोघांचं नाव घाला. पाणी दोघांनी घातलंय.

जिंदाबाद!