प्रोटॉनचं आयुष्य मोजायचं कसं?



आखाडा बाळापुरातल्या एका ठरावीक घरावर वीज कधी पडते, याची वाट बघत बसलं तर पिढ्या सरतील. पण सगळ्या मराठवाड्यावर नजर ठेवली, तर दर पावसाळ्यात कुठे ना कुठे वीज पडल्याची बातमी येतेच. क्वचित घडणारी गोष्ट मोजायची, तर एकदम पुष्कळ जागा नजरेखाली हव्यात. अणूच्या पोटातल्या कणांचं आयुष्य शास्त्रज्ञ याच हिशेबानं मोजतात.

प्रोटॉन प्रत्येक अणूच्या केंद्रात असतो आणि तो कधीच फुटत नाही, असं धरून चाललं होतं. १९७४ साली हॉवर्ड जॉर्जी आणि शेल्डन ग्लॅशो यांनी वेगळं मांडलं: तोही फुटेल, पण त्या मांडणीच्या हिशेबानं सरासरी १ वर ३०-३१ शून्ये एवढ्या वर्षांनी. विश्वाचं वय आहे फक्त १३८० कोटी वर्षं!

मुंबईतल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं हे आव्हान घेतलं. एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकांतन, व्ही. एस. नरसिंहम आणि त्यांचे सहकारी जपानी शास्त्रज्ञांना सोबत घेऊन कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. जमिनीखाली २३०० मीटरवर त्यांनी १४० टनांचं यंत्र उभारलं. लोखंडी पत्रे आणि त्यांच्यामध्ये वायू भरलेल्या चौकोनी नळ्या. एका थरातल्या नळ्या उभ्या, तर पुढच्या थरातल्या आडव्या, असे ३४ थर. कण आरपार गेला की नळीत विजेचा ठोका उमटायचा आणि कोणकोणत्या नळ्या बोलल्या यावरून त्याची वाट कळायची. एवढ्या वजनात प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून सुमारे ८ वर ३१ शून्ये इतके कण. त्यांचं आयुष्य १ वर ३१ शून्ये वर्षांचं असेल, तर वर्षाकाठी सात-आठ फुटायला हवेत.

इतकं खोल का जायचं? जमिनीवर तळहाताएवढ्या जागेतून दर सेकंदाला हवेत वर जन्मलेला एखाद-दुसरा म्यूऑन नावाचा कण आरपार जातो. त्या गलबल्यात प्रोटॉनचं फुटणं कसं ओळखणार? दोन किलोमीटर खडक तो गलबला जवळजवळ थांबवतो. न्यूट्रिनो नावाचा कण मात्र खडकाला जुमानत नाही. वातावरणात जन्मलेला न्यूट्रिनो टिपल्याची जगातली पहिली नोंद प्रसिद्ध झाली, तीही १९६५ साली याच खाणीतली.

१९८० साली मोजणी सुरू झाली. काही नोंदी प्रोटॉन फुटल्यासारख्या दिसल्या आणि जगाचं लक्ष कोलारकडे गेलं. पुढे अमेरिकेत आणि जपानमध्ये हजारो टन पाण्याच्या टाक्यांत शोध झाला. तिथे तसं काहीच आढळलं नाही. न्यूट्रिनोही कधी हुबेहूब तशी खूण सोडतो. तरीही ही मेहनत वाया गेली म्हणणं चूक ठरेल. न दिसणं हेसुद्धा मोजमापच आहे: पॉझिट्रॉन आणि पायॉन या कणांच्या जोडीत प्रोटॉन फुटणार असेल, तर त्याला किमान २.४ गुणिले १ वर ३४ शून्ये इतकी वर्षं लागतील, असं जपानचा सुपर-कामिओकांडे प्रयोग सांगतो. जॉर्जी-ग्लॅशोंची मूळ मांडणी तर त्याआधीच, पाण्याच्या टाक्यांतल्या पहिल्या शोधांमुळे मागे पडली होती.

क्वचित घडणारं मोजण्याचा कुलाब्याचा हा वारसा आज जपानमधल्या बेल-२ प्रयोगात चालू आहे. तिथल्या, कणांची वाट टिपणाऱ्या सिलिकॉन यंत्रणेचा एक थर मुंबईच्या गटानं तयार केला. बी-मेसॉन नावाचा कण फुटून एक के-मेसॉन आणि दोन न्यूट्रिनो व्हावेत, असं दहा लाखांत पाच-सहा वेळा घडावं असा सिद्धान्ताचा अंदाज आहे. २०२३ साली जाहीर झालेल्या निकालात आकडा तेविसाच्या आसपास निघाला. तफावत लक्ष वेधणारी आहे, पण नवा कण किंवा नवं बल सापडलं म्हणायला एवढा पुरावा पुरत नाही. त्यासाठी आणखी कितीतरी बी-मेसॉन फुटताना टिपावे लागतील.