ओढ्याचं पाणी काय सांगतं?



आज आम्ही तुम्हाला एका नदीची गोष्ट सांगणार आहोत.

ठाणे जिल्ह्यात मीरा-भाईंदर शहर आहे. त्यात शांती नगर नावाची मोठी वस्ती आहे. तिच्या दक्षिणेला दहिसर. तिथून दहिसर नदी वाहते. ती तुळशी तलावापाशी उगम पावते. जंगलातून उतरते, वस्तीतून जाते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. लांबी सुमारे १२ किलोमीटर. वर जंगलात पाणी नितळ. खाली वस्तीत तबेल्यांचं शेण आणि घरांचं सांडपाणी तिच्यात मिसळत आलं आहे.

नदी एकच. पण वरची वेगळी आणि खालची वेगळी. हा फरक शाळेतली मुलंसुद्धा ओळखू शकतात. कसा, ते ऐका.

मुलं गुरुजींबरोबर ओढ्यावर जातात. पाणी गुडघ्याच्या खाली असेल तिथंच उतरतात. हळूच दगड उलटतात. दगडाखाली तीन बारीक शेपट्यांचा चपटा किडा दिसतो का? वाळूचे कण चिकटवून घर बांधणारी अळी दिसते का? दिसली, तर पाणी बरं आहे. या जिवांना पाण्यात मिसळलेली हवा भरपूर लागते. घाण पाण्यात ती हवा कमी होते, आणि ते मरतात. मग गाळात लाल अळ्याच उरतात. त्यांना थोडी हवाही पुरते.

पण रोगाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी एक बाटली असते. तिच्यात औषध लावलेला कागद असतो. ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ही युक्ती जगापुढे मांडली. बाटलीत पाणी भरायचं आणि एक-दोन दिवस उबेला ठेवायचं. पाणी काळं पडलं, तर त्यात मैला मिसळल्याचा संशय धरायचा. ते तसंच प्यायचं नाही. काळं नाही पडलं, तरी पाणी उकळूनच प्यावं.

समजा, तुमचा मुलगा काळी बाटली घेऊन घरी आला. “तुला काय कळतं?” असं म्हणून त्याला गप्प बसवू नका. बाटली खोटं बोलत नाही. ओढ्याकाठी परसाकडला कोण बसतं? गुरं कोण धुतं? आपणच ना? पाऊस पडला की ती घाण पाण्यात जाते. त्यातूनच जुलाब, कावीळ आणि विषमज्वर होतो.

आपल्या वर एक गाव असतं. आपल्या खालीही एक गाव असतं. वरच्यांनी घाण सोडली, तर आपण चिडतो. मग खालच्यांचा विचार कोणी करायचा?

म्हणून संडास वापरू या. गुरं ओढ्यापासून दूर धुऊ या. प्यायच्या पाण्याला खळखळून उकळी आणू या. आणि महिन्यातून एकदा मुलांबरोबर ओढ्यावर जाऊ या. काय दिसलं, ते मुलं वहीत लिहितील. आता आपल्यालाही लिहिता येतं. त्या वहीत एक ओळ आपणही लिहू या.