आठवड्याचे ९ तास कुणाचे?



साठी उलटल्यावर ट्रायथलॉन करतो म्हटलं की लोक गुडघ्यांबद्दल विचारतात, छातीबद्दल विचारतात, सायकल केवढ्याला पडली तेही विचारतात. सगळे योग्य प्रश्न आहेत. पण एक प्रश्न मला आजवर फारसा कुणी विचारला नाही, आणि मला स्वतःला तोच सगळ्यात मोठा वाटतो. तुम्ही पहाटे साडेचारला घराबाहेर पडता, तेव्हा घरात तुमची कामं कोण करतं? आज मी त्यावर बोलणार आहे.

आधी ओळख. मी ३२ वर्षं सैन्यात होतो, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. लढणाऱ्या जवानापर्यंत पीठ, तूप, रॉकेल, पेट्रोल वेळेवर पोचवणारे ते आम्ही. आमच्या कोअरचं ब्रीद आहे, 'सेवा अस्माकं धर्मः'. पिक्चरमध्ये आम्ही कधी दिसत नाही. पण चौकीवर रेशन पोचलं नाही तर काय होतं, ते चौकीवरच्या माणसाला विचारा.

निवृत्तीनंतर दिल्लीत मयूर विहार फेज १ मध्ये स्थायिक झालो. सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, माणसं सहा. ८८ वर्षांची आई, मी, पत्नी, मुलगी, जावई आणि ६ वर्षांचा नातू. मुलीचं ऑफिस नोएडाला, जावयाचं गुरुग्रामला. म्हणजे सकाळी सहा ते साडेआठ आमच्या घरात रेल्वे स्टेशन असतं. आईचा चहा आणि गोळ्या, नातवाचा डबा, त्याचा न सापडणारा मोजा, ७ वाजून १० मिनिटांनी गेटवर येणारी स्कूलबस. त्या गर्दीत मी ठरवलं की ट्रायथलॉन करायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोहणं, सायकल आणि धावणं, एकामागून एक, मध्ये विश्रांती नाही. पूर्ण आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. सगळं १७ तासांत. त्याच्या निम्मं अंतर म्हणजे ७०.३. हा आकडा मैलांचा, आपल्या हिशेबात ११३ किलोमीटर. १.९ पोहायचं, ९० सायकल, २१.१ धावायचं, वेळ साडेआठ तास. २०१९पासून ही ७०.३ आपल्या गोव्यात मिरामारला सुरू झाली. मी निवडली ती हीच.

हा खेळ सुरू झाला एका फौजी घरातच. अमेरिकन नौदलातले कमांडर जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्युडी यांनी हवाईत ही कल्पना काढली. जास्त तंदुरुस्त कोण, पोहणारा, सायकलवाला की धावणारा, असा वाद होता. तिथल्या तीन वेगवेगळ्या स्पर्धांची अंतरं यांनी एकत्र जोडली. १८ फेब्रुवारी १९७८ला पहिली शर्यत झाली, १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली.

आपल्याकडचीही नावं तुम्हाला माहीत असतील. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, ५०व्या वर्षी झुरिचला आयर्नमॅन पूर्ण केली. महाराष्ट्र पोलीस दलातले कृष्ण प्रकाश यांनी २०१७ मध्ये फ्रान्समध्ये केली. आमच्या सैन्यातले मेजर जनरल व्ही. डी. डोग्रा यांनी २०१८ मध्ये ऑस्ट्रियात क्लागेनफुर्टला १४ तास २१ मिनिटांत. या सगळ्यांना माझा सॅल्यूट.

पण मला जवळचे वाटतात ते जपानचे हिरोमु इनादा. पत्नी आजारी म्हणून हा माणूस ६०व्या वर्षी निवृत्त झाला. तिची काळजी घेता घेता पोहायला लागला. पहिलं ट्रायथलॉन केलं ७०व्या वर्षी. २०१५ मध्ये हवाईच्या जागतिक स्पर्धेत १७ तासांची वेळ त्यांच्या हातून अवघ्या काही सेकंदांनी गेली. २०१८ मध्ये, ८५व्या वर्षी, तीच स्पर्धा त्यांनी वेळेच्या आत पूर्ण केली. हा विक्रम सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांचा व्यायाम सुरू झाला तो घरातल्या आजारपणाच्या शेजारी बसून.

आता हिशेबाकडे येतो. आठवड्याचे तास १६८. माझ्यासारख्या नवख्याला ७०.३ साठी आठवड्याला साधारण ८ ते १० तास सराव लागतो. मी ९ धरले. पण कोअरची सवय होती. ट्रक किती चालला एवढंच आम्ही बघत नाही. तो भरायला किती वेळ लागला, उतरवायला किती, परत यायला किती, सगळं मोजतो. म्हणून घरात काही बोलण्याआधी एक आठवडा मी वही ठेवली. तलावावर जाणं-येणं, सायकल पुसणं, हवा भरणं, आंघोळ, दोनदा नाश्ता, दुपारची झोप. आणि पहाटे उठायचं म्हणून रात्री साडेआठलाच आडवं होणं, म्हणजे मुलगी ऑफिसातून आल्यावर तिच्याशी बोलायला बाप जागा नाही. बेरीज आली १५ तास.

म्हणजे ९ तासांचा सराव घराला १५ तासांना पडतो. घरात '९ तास हवेत' म्हणून मागायचं आणि १५ उचलायचे, याला आमच्याकडे रेशनचा अपहार म्हणतात.

मग एका रविवारी संध्याकाळी सगळ्यांना बसवलं आणि १५ तासांचा कागद टेबलावर ठेवला. कुठला तास कुणाच्या खात्यातून जातो तेही लिहिलं होतं. सकाळचे जवळपास सगळे तास पत्नीच्या खात्यातले निघाले. आईचा चहा, नातवाची बस, दोन्ही तिच्यावर येणार होतं. त्या बैठकीत तीन नियम ठरले. तेच तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला नियम, वेळ आधी मागायचा. शनिवारी लांब सायकल असेल तर ते बुधवारी ठरलेलं हवं. शुक्रवारी रात्री 'उद्या मी नाही हं' म्हणायचं नाही.

दुसरा, परतफेड त्याच आठवड्यात आणि वेळेच्याच रूपात. साडी आणली, हॉटेलात नेलं, तर ती परतफेड नाही. माझ्या पत्नीला बरीच वर्षं मोडी लिपी शिकायची होती, पण सलग वेळ मिळत नव्हता. शनिवारची सकाळ माझी, तर रविवारची सकाळ तिची, असं ठरलं. रविवारी ती दार लावून ऑनलाइन वर्गाला बसते. पोहे, आई, नातू, दारावर येणारा भाजीवाला, सगळं माझ्याकडे. आज ती जुनी कागदपत्रं अडखळत का होईना वाचते.

तिसरा, घरातल्या कुणालाही 'थांबा' म्हणायचा अधिकार. तो वापरला तर चेहरा पाडायचा नाही.

पत्नीने वर स्वतःच्या तीन अटी घातल्या. आधी हृदयरोगतज्ज्ञाला दाखवायचं, ट्रेडमिल टेस्ट आणि इको करायचा. रस्त्यावर सायकल एकट्याने चालवायची नाही. आणि छातीत, जबड्यात, डाव्या हातात काही वेगळं वाटलं तर त्या क्षणी थांबायचं. साठीपुढच्या प्रत्येकाला मी या अटी जशाच्या तशा देतो.

आता दिल्लीचं वेळापत्रक. ते आमच्यासाठी हवामानच ठरवतं. इथले बहुतेक तलाव उन्हाळ्यात उघडतात आणि थंडीची चाहूल लागली की बंद होतात. मे-जूनमध्ये पारा चाळिशीच्या वर, म्हणजे धावायचं ते उजाडायच्या आत. दिवाळीच्या आगेमागे हवा बिघडते. निर्देशांक ४००च्या वर गेला की सरकारी भाषेत 'गंभीर'. अशा हवेत बाहेर धावणं म्हणजे व्यायाम नव्हे. गोव्याची स्पर्धा असते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर हा आपला हंगाम. पन्नास मीटरच्या तलावात ३८ लांब्या झाल्या की १.९ किलोमीटर होतात. धावायला संजय झीलचा बगीचा. सायकलला शनिवारी पहाटे पाच-सहा जणांच्या गटाने नोएडाच्या बाजूला, डोक्यावर हेल्मेट, पुढे-मागे दिवे. आठवड्यातली बाकीची सायकल घरातच, बाल्कनीत ट्रेनरवर. सायकल जागच्या जागी राहते आणि चाक फिरतं. नातू शेजारी स्टुलावर बसून पाढे म्हणायचा. माझा दम आणि त्याचा सातचा पाढा साधारण एकाच ठिकाणी अडायचा.

हे सगळं रुळावर आलं, आणि पहिल्याच वर्षी ऑगस्टमध्ये आई बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. त्या वयात खरी लढाई ऑपरेशननंतर असते. माणूस अंथरुणाला खिळला की न्यूमोनिया, पाठीला जखमा, आणि मग उठायची इच्छाच जाते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यांना लवकरात लवकर उभं करा.

स्पर्धा जेमतेम दहा आठवड्यांवर होती. घरात कुणी 'थांबा' म्हटलं नाही. उलट मुलगी म्हणाली, "बाबा, आपण नर्स ठेवू, तुम्ही जा." पण वही समोर होती. आईला रात्री दोनदा उठवावं लागत होतं. त्या १५ तासांसाठी घरात कुणाच्याच खात्यात शिल्लक नव्हती. मी गोव्याचं तिकीट रद्द केलं. वाईट वाटलं, पण निर्णय अवघड नव्हता.

पुढे काय करायचं हा प्रश्न मात्र होता. डोंगरात रस्ता बंद झाला की आम्ही ताफा पठाणकोटला परत पाठवत नाही. जवळच्या ट्रान्झिट कॅम्पात थांबवतो, इंजिनं रोज सुरू करून बघतो. तसंच केलं. ९ तासांचे ३ केले. दोनदा अर्धा-अर्धा तास धावणं, बाकी ट्रेनर, तेही आई झोपलेली असताना. सराव पूर्ण सोडला तर काही आठवड्यांत दम घसरतो. थोडासा नेमाने ठेवला तर बराचसा टिकतो.

आणि त्याच वहीत आईचं पान उघडलं. वॉकर धरून पॅसेजमध्ये फेऱ्या. पहिल्या दिवशी दोन, त्याही रडून. डावीकडे तिच्या फेऱ्या, उजवीकडे माझी मिनिटं. आठवडाभराने ती स्वतःच विचारायला लागली, "आज तुझे किती झाले?" माझे शून्य असले की तिला फार आनंद व्हायचा. दिवाळीपर्यंत ती दिवसाला ३८ फेऱ्यांवर आली. मला सरावाबद्दल जे कळतं, म्हणजे थोडं वाढवायचं, मग एक दिवस थांबायचं, दुखणं आणि थकवा यात फरक ओळखायचा, ते सगळं तिच्या पॅसेजमध्ये कामी आलं.

पुढच्या वर्षी मी गोव्याला गेलो, ६४व्या वर्षी. आई वॉकर सोडून काठीवर आली होती, तिच्यासाठी मुलीने रजा काढली. समुद्रात तलावासारखी तळाला रेघ नसते. दर थोड्या हातांनी डोकं वर काढून बोया शोधावा लागतो. पाणी कोमट, म्हणून वेटसूट नाही, पण खारं पाणी अंग उचलून धरतं. सायकलवर दर अर्ध्या तासाला काहीतरी खात होतो, खजूर, चिक्की, जेल, आणि मिठाचं पाणी. त्या घामात नुसतं पाणी पीत राहिलं तर शरीरातलं मीठ खाली जातं आणि माणूस कोसळतो. धावण्याचे शेवटचे सहा किलोमीटर मी बराचसा चाललो. एकूण ७ तास ५२ मिनिटं. मागे फार लोक नव्हते, पण वेळ शिल्लक होती.

तुमच्यापैकी काहींच्या घरी आज तान्हं बाळ असेल, रात्रपाळी असेल, कुणाचं आजारपण असेल. त्यांनी ७०.३ या वर्षी करू नये, हे मी बिनदिक्कत सांगतो. छोटी अंतरं आहेत. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं, याला स्प्रिंट म्हणतात. आठवड्याला चार-पाच तासांत तयारी होते. घराला परवडेल ते अंतर निवडा. लांब अंतर पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.

आणि ज्यांनी ठरवलंच आहे त्यांना एकच काम देतो. बूट घेण्याआधी, सायकल घेण्याआधी एक वही घ्या. एक आठवडा खरे तास लिहा, शेपटासकट. मग तो कागद घरच्यांसमोर ठेवा आणि विचारा, हे तास कुणाच्या खात्यातून जाणार, आणि त्या माणसाला बदल्यात काय करायचं आहे? उत्तर ऐकल्यावरच नाव नोंदवा.

जय हिंद.