लेकीचा वाटा आणि हक्कसोडपत्र

हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी वाटेकरी आहे. हा हक्क देणारी कायदादुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 रोजी, वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात दिला. ‘लग्नात दिलं की!’ हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. पण लग्नखर्च म्हणजे वाटणी नव्हे, आणि खर्च मुलाच्या लग्नातही होतोच. जुने व्यवहार उलटतील ही भीतीही अवाजवी आहे: 20 डिसेंबर 2004 पूर्वीच्या नोंदणीकृत वाटण्या शाबूत आहेत, नुसती तोंडी वाटणी मात्र सहसा टिकत नाही. खरी गळती होते ती हक्कसोडपत्रातून. भावाच्या शब्दाखातर नोंदणीकृत कागदावर सही झाली, की फेरफार होऊन सातबारावरून बहिणीचं नाव उतरतं, आणि ते परत चढवायला कोर्टाची पायरी चढावी लागते.