न चाखता केलेला स्वयंपाक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कुठल्याही सोसायटीत गळती आणि पार्किंग यांच्या खालोखाल तक्रारी येतात त्या वासाच्या. कुणाकडचे सुके बोंबील, कुणाकडची लसणाची फोडणी. म्हणून आज वासाचाच एक अनुभव सांगतो. आम्ही दोघंही शाकाहारी, हे आपल्याला ठाऊक आहेच.

गेल्या नाताळात आम्ही अमेरिकेत, ओहायोत मुलाकडे होतो. सूनबाई तिकडची. तिचे वडील त्याच वर्षी गेले. नाताळचं हॅम, म्हणजे मिठात मुरवलेली डुकराची मागची तंगडी, दरवर्षी तेच भाजायचे. विहीणबाई पहिल्यांदाच एकट्या येणार होत्या. सूनबाईला दिवस गेलेले, तिला तो वास सोसवेना. मुलाची त्या दिवशी ड्यूटी. "यंदा राहू दे," ती म्हणाली. मी म्हटलं, "मी करतो." आमची सौ. क्षणभर गप्प. मग म्हणाली, "करा. वरणभाताचं पातेलं तेवढं मी वेगळं ठेवते."

हॅम हाडासकट सात पौंडांचं, म्हणजे साधारण सव्वातीन किलोंचं. तिकडे ते बहुधा धुरी देऊन, शिजवूनच विकतात; घरी आतपर्यंत नीट गरम करायचं. ओव्हन ३२५ फॅरनहाइटवर, पौंडाला वीसेक मिनिटं. हा हिशेब बँकेतल्या माणसाला अवघड नाही. अडचण एकच, चाखून बघता येणार नव्हतं. त्यामुळे सगळी भिस्त थर्मामीटरवर. हाडाला न टेकवता तो मांसात खुपसायचा आणि १४० फॅरनहाइट, म्हणजे ६० सेल्सिअस दिसेपर्यंत थांबायचं. शेवटच्या अर्ध्या तासात वरच्या चरबीवर शंकरपाळ्यांसारख्या चिरा पाडल्या, चौकटीचौकटीत लवंग खोचली आणि ब्राऊन शुगर व तयार मस्टर्ड कालवून वरून लावलं.

लवंगेचा वास ओळखीचा, साखरेचाही. त्याखालचा मात्र नव्हता. खिडकी उघडावीशी वाटली, पण बाहेर बर्फ होतं. थोड्या वेळाने नाक सरावलं.

विहीणबाईंनी पहिला तुकडा खाल्ला, काही बोलल्या नाहीत. दुसरा मागून घेतला. त्याच टेबलावर आम्ही दोघं वरणभात जेवलो. निघताना त्यांनी उरलेलं हाड मागितलं. त्याचं वाटाण्याच्या डाळीबरोबर सूप करतात. "दुसऱ्या दिवशी ते हेच करायचे," एवढंच म्हणाल्या.

मंडळी, मी आजही शाकाहारीच आहे आणि कुणी मला बदल असं म्हटलंही नाही. पण शेजारच्या दारातून अनोळखी वास आला, तर अर्ज लिहिण्याआधी बेल वाजवा आणि "आज काय विशेष?" एवढं विचारा. कुणाकडे सण असेल, तर कुणाकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचं काही शिजत असेल. पंचवीस वर्षं आपण एकाच जिन्याने चढतो-उतरतो आहोत, एवढं विचारायची ओळख नक्कीच झाली आहे.